बुडालेले पणजोबा ताइफमध्ये सापडले

ताइफ, १८ एप्रिल २०२४

प्रिय हुसेनचाचांस सादियाचा सलाम. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, म्हणून सुट्टीवर गावी निघालेल्या जुनैदबरोबर पत्र धाडते. आधी खुर्चीत बसा. इंग्रजांच्या अमदानीत हाजींच्या जहाजासोबत बुडालेले तुमचे इब्राहीम पणजोबा बुडालेच नव्हते!

आमच्या वॉर्डात इस्मत नावाची ऐंशीची म्हातारी आहे, इथल्या अरबी गुलाबमळेवाल्यांपैकी. खुबा मोडलाय, तोंड शाबूत. काल भेटायला आलेल्या प्रत्येक नातवाला कुरवाळत तिने आपलं 'मेल्या' म्हटलं! माझ्या हातातला ट्रे पडायचाच राहिला. अर्थ विचारला तर म्हणाली, 'माझा जीव' असा असेल. तिचे आजोबा तीच हाक मारायचे. ते हिंदच्या हर्णैचे खलाशी, नाव इब्राहीम. चाचा, मी वॉर्डातच गिरकी घेतली! सिस्टर स्मृती म्हणाली, यल्ला, चल, आधी इंजेक्शनं दे.

नात्याने ती तुमच्या वडिलांची चुलतबहीण, म्हणजे तुमची फुफी लागते.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची सादिया

हर्णै, ४ मे

चि. सादियास अ. आ.

पंचाहत्तरीत फुफी मिळालेला माणूस हर्णैत मी एकटाच. तुझी आबिदाचाची हसून हसून रडली. मग मला राग आला. जैनबपणजीने पुन्हा बांगड्या भरल्या नाहीत, मासळीच्या पाट्या वाहून पोर वाढवलं. आणि हा तिकडे गुलाब लावत दुसरा संसार मांडतो? फुफीला सलाम सांग आणि विचार, त्याला आमची कधी आठवण झाली का? उत्तर गोड करून लिहू नकोस.

जेवणाची हयगय करू नकोस. आमच्यावर जीव आहे तसाच असू दे.
हुसेनचाचा

ताइफ, २० मे

प्रिय चाचांस सलाम. वि. वि.

गोड करत नाही. फुफी सांगते, जहाज खडकावर फुटलं. पाय मोडलेल्या इब्राहीमला मळेवाल्यांनी आसरा दिला. बरा झाल्यावर परतीच्या भाड्याला पैसे नव्हते, म्हणून तो दरवर्षी जेद्दाहला जाऊन परतणाऱ्या कोकणी हाजींबरोबर निरोप धाडायचा. शेवटी एकाने येऊन सांगितलं, प्लेगने मोहल्ला रिकामा झाला, जैनबही गेली. त्यानंतर काही वर्षांनी त्याने लग्न केलं. पहिल्या मुलीचं नाव ठेवलं जैनब.

पणजी तेव्हा जिवंत होती, हे मी फुफीला सांगितलं. मग तिने डॉक्टर विजयना बोलावून विचारलं, विमानात कधी बसू देणार. ते म्हणाले, काठी घेऊन, हिवाळ्यात. खलास, ठरलं! आता सगळा मळा पासपोर्ट शोधतोय. चाचीला म्हणावं, जमातीचं मोठं पातेलं आत्ताच सांगून ठेव!

फुफीची अट एकच. हर्णैत उतरल्यावर चहासुद्धा नको, आधी तिला कबरस्तानाच्या भिंतीपाशी न्यायचं. जैनबला, तिच्या मोठ्या आजीला, इब्राहीमचा न पोचलेला निरोप द्यायचाय.

भेटीपर्यंत लोभ राखून ठेवा.
तुमची सादिया