बांडीचं दूध

वरकुटे, २ डिसेंबर २०२४

चि. श्रेयास, जयवंता आत्याचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायचं तर घरभर कान असतात, म्हणून माझ्या अविराजबरोबर ही चिठ्ठी आणि दुधाची बाटली पाठवते. भाऊबीजेला दादानं, म्हणजे तुझ्या आबांनी, मला ओवाळणीत दिलेली बांडी गाय बिघडलीय. मागच्या उजव्या सडातून दुधाच्या गाठी येतात. आता माझ्या दोन्ही गाईंनाही तेच झालंय, आणि डेअरीनं दूध परत पाठवलं. घर याच दुधावर चालतं, तुला ठाऊक आहे.

कॉलेजात तू अनोळखी जंतूंची नावं शोधून काढतेस म्हणे. मग या पाहुण्याचंही काढ. माहेरची गाय म्हणून मी गावभर मिरवलीय गं तिला. वेळेवर जेवत जा.

तुझी,
आत्या

बारामती, ९ डिसेंबर २०२४

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

सूक्ष्मदर्शकाखाली द्राक्षाच्या घडासारखे जंतू दिसले. पेरॉक्साइडच्या थेंबात बुडबुडे आले. शेवटी सशाच्या रक्तातल्या प्लाझ्मात ते जंतू मिसळले आणि नळी कलती केली, तर आत दही लागल्यासारखं गोठलेलं. तुझ्या पाहुण्याचं नाव स्टॅफिलोकॉकस ऑरियस, कासेचा रोग करणारा. धार काढणाऱ्या हातानं तो एका गाईचा दुसरीला लागतो. बांडीला वेगळी बांध, तिची धार सगळ्यात शेवटी काढ.

आता खरं ते लिहिते. श्रावणात आबांनी शेजाऱ्यांच्या गाईचं म्हणून मला दूध तपासायला दिलं होतं. मागच्या उजव्या सडाचं. तेव्हाही नळी अशीच गोठली होती. हा जंतू चिवट आहे, अशी गाय गोठ्यात ठेवू नये, असं मीच त्यांना सांगितलं. त्यांनी ठेवली नाही.

काल मी विचारलं, तर म्हणाले की मंग काय करायचं हुतं, बाजारात कुणी घेत न्हाय, आन् बहीण काय परकी हाय व्हय. आत्या, माझाच निकाल हाताशी धरून त्यांनी तुला फसवलं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
श्रेया

वरकुटे, १२ डिसेंबर २०२४

चि. श्रेयास आशीर्वाद.

तुझ्यावर राग नाही, पोरी. ज्याच्यावर आहे, त्याला मी पाटावर बसवून ओवाळलंय. बांडीचेही पाय धुतले होते.

रविवारी दादा येतोय. मी खीर करणार आहे. दूध दुकानातलं घेईन, पण वाढताना बांडीचं म्हणून सांगीन. वाटी तोंडाशी नेताना त्याचा हात थांबतो का, एवढी एक टेस्ट मला माझ्या हातानं करायचीय.

लोभ तुझ्यापुरता आहेच.

तुझी,
आत्या