दर वीस ठिपक्यांमागे एक

नम्रता,

मी स्कूटर घेऊन घाटाकडे निघालोय. घळीपाशी पोचायच्या आत रतनला गाठायचंय. सात दिवसांच्या वाटेचा जीपीएसवरचा माग मी तुझ्या या भावाला पाठवला होता ना, त्यात माझ्या हातून घोळ झालाय. फाइल मोठी होती, ई-मेलनं जाईना, म्हणून ती लहान करताना मागातल्या दर वीस ठिपक्यांमागे मी एकच ठेवला. आज सकाळी सहज नकाशावर टाकून पाहिलं. घळीला वळसा घालणारी वाट माझ्या रेषेत सरळ घळीवरून पलीकडे गेलीय. तिथं खाली चारशे फूट काही नाही, आणि वर धुकं असणार.

त्याचा मोबाइल लागत नाही. खालच्या गावातल्या दुकानात निरोप ठेवलाय. रतनचा फोन आला तर एवढंच सांग, पाण्याच्या टाक्यापाशी थांब, पुढे जाऊ नकोस. तोवर घरच्या फोनवर इंटरनेट अजिबात लावू नकोस, लाइन अडकून राहते. तुझ्या आईला इतक्यात काही बोलू नकोस. भाताचा कुकर लावायचा राहिलाय.

रतन सांगितलेलं ऐकणारा आहे, असं तू म्हणशील. त्याचीच भीती वाटतेय. निघताना मीच त्याला दोनदा बजावलं होतं, धुक्यात स्वतःचं डोकं चालवू नकोस, रेषा सोडू नकोस.

भूषण