गार आणि गप्प डबा

चि. छोट्या,

तुला, तुझ्या बायकोला आणि धाकटीला ताईकडून भरपूर आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? मागच्या फोनवर तू म्हणालास की वाकलं की कळ येते आणि नाही वाकलं की बायको रागावते. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करतोस असं मी धरून चालते. करत नसशील तर कळवू नकोस, मला इथे उगाच काळजी. धाकटीचे पुढचे दात आले का? आमच्याकडे सगळे ठीक. सासूबाई त्यांच्या गुडघ्यांच्या मर्जीने चालतात, तुझे भाऊजी स्वतःच्या मर्जीने, आणि मी उरलेल्या मर्जीने.

तू विचारलंस की कॉम्प्युटर तयार विकत घ्यावा की माझ्यासारखा घरीच जोडावा. घरीच जोड. मी हे छातीठोकपणे सांगते, कारण या विषयात आता मला कळायचं काही उरलेलं नाही. माझं काम तुला ठाऊक आहे: आर्किटेक्टबाईंच्या न बांधलेल्या इमारतींची मी हुबेहूब चित्रं करते, म्हणजे भिंतीवर ऊन, काचेत ढग आणि खाली हातात हात घालून फिरणारी जोडपी (खऱ्या इमारतीखाली पुढे दुचाक्या लागतात, पण तो माझा प्रश्न नाही). एकेक चित्र तयार व्हायला कॉम्प्युटरला तासन्‌तास राबावं लागतं, आणि राबला की तो तापतो. म्हणून दुकानदाराचं काही न ऐकता मी एकेक भाग निवडून आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि माझ्या या दोन हातांनी जोडला. बटण दाबल्याबरोबर सुरू झाला. सासूबाई शेजारच्या खोलीतून म्हणाल्या, "पिठाची गिरणी आणलीस का गं?"

आवाज होता, हे मी मान्य करते. माझी काही तक्रार नव्हती. राबणाऱ्या वस्तूचा आवाज यायचाच. पण निवृत्त झाल्यापासून तुझे भाऊजी दृष्टिहीनांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. आवाज त्यांचा चांगला आहे, हे मी लग्नाआधीपासून म्हणते आहे. आमच्या घरात शांत खोली एकच. पुढच्या खोलीसमोर गॅरेज आहे आणि मधल्या खोलीत सासूबाई. त्यामुळे मागच्या खोलीत एका भिंतीला माझं टेबल आणि दुसऱ्या भिंतीला त्यांचा माइक, असा आमचा संसार. ते त्या वेळी एक जाडजूड जुनी कादंबरी वाचत होते आणि ती ऐकणाऱ्यांमध्ये एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांना सगळे जजसाहेब म्हणतात. दृष्टी गेल्यापासून ते एकटे राहतात आणि आठवड्याची नवी प्रकरणं येण्याची वाट बघतात. त्यांचा फोन आला.

"वाचन उत्तम आहे," ते भाऊजींना म्हणाले, "पण नायिका आईच्या उशाशी बसून रडत असताना खोलीत ट्रॅक्टर कोणी चालू ठेवला आहे?"

भाऊजींनी फोन ठेवला. आणि माझ्या टेबलाकडे बघितलं. मग ग्रंथालयाच्या बाईंचाही फोन आला, की असा आवाज पुन्हा आला तर पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे द्यावं लागेल. त्या दिवशी भाऊजी जेवताना दोन वेळा "असो" म्हणाले. तुला माहीतच आहे, ते भांडले तर मला चालतं, पण "असो" म्हणाले की घरात बसवत नाही. माझं काम बंद ठेवता येत नव्हतं, कारण आर्किटेक्टबाईंना एका रुग्णालयाचं चित्र हवं होतं. त्यावर त्यांना ते काम मिळणार की नाही हे ठरायचं होतं. तेव्हा मी म्हटलं, कॉम्प्युटर मी बांधला, गप्पही मीच करीन.

पहिला उपाय सोपा होता. सेटिंगमध्ये जाऊन मी सगळ्या पंख्यांचा वेग निम्म्यावर आणला. काय शांतता पसरली म्हणून सांगू. भाऊजींनी माइक लावला, चष्मा पुसला, घसा साफ केला आणि एक अख्खं प्रकरण वाचलं. ते पुस्तक मिटून ठेवतात न ठेवतात तोच माझा पडदा काळा झाला. रुग्णालयाचं छप्पर तेवढं काढायचं राहिलं होतं. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला तर बोट भाजलं (उजव्या हाताचं, म्हणून पुढचे काही दिवस भांडी भाऊजींनी घासली, कोणत्याही संकटातून काहीतरी चांगलं निघतंच).

दुसरा उपाय माझ्या मते कल्पक होता आणि आजही मी तेच म्हणेन. आवाज मारायचा नाही, कोंडायचा. मागच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा मी रिकामा केला, आतून जुनी गादी ठोकली, डबा आत ठेवला, मागून तारा काढल्या आणि दार लावलं. आवाज गेला. भाऊजींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. नंतर वरच्या कप्प्यातून काहीतरी ठिबकलं. तिथे वीज गेली तर लागतील म्हणून सासूबाईंनी जपून ठेवलेल्या मेणबत्त्या होत्या, त्यांचा आता एकच जाड ठोकळा झाला होता, वाती चारी बाजूंना आलेल्या. सासूबाईंनी तो हातात घेऊन उलटापालटा केला. "एकाच वेळी सगळ्या लावायची सोय झाली," एवढंच म्हणाल्या. त्या बाईंचा राग मला कधीच कळलेला नाही.

मग मी विचार केला, की आपण हवा आत आणायची धडपड करतोय, त्यापेक्षा डबाच हवेत नेऊन ठेवावा. मागच्या गॅलरीत छपराखाली एक कोपरा आहे. तिथे स्टुलावर डबा ठेवला, खिडकीच्या फटीतून तारा आत घेतल्या. छोट्या, हा उपाय पूर्ण यशस्वी झाला होता. आत शांतता, बाहेर गारवा, चित्र झरझर पुढे सरकत होतं. पण खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं मांजर आहे, पांढरं, लोकरीच्या गुंड्यासारखं गलेलठ्ठ. त्याला डब्याच्या वरच्या जाळीतून येणारी ऊब सापडली. ते तिथे पसरलं, जाळी झाकली गेली, डबा तापला, ऊब वाढली, ते आणखी पसरलं. मी हुसकावलं की जायचं आणि मी आत आले की परत यायचं. शिंपीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे येतं होय? मला वाटलं, आजारी आहे, हल्ली घरी जेवायलाच येत नाही." कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला, आणि या वेळी चालूच होईना.

आर्किटेक्टबाईंना दुसऱ्या दिवशी चित्र द्यायचं होतं. खोटं कशाला बोलू, मी गॅलरीत खाली बसले आणि जरा रडले. भाऊजी आले, शेजारी बसले, "असो" म्हणाले नाहीत. डब्याचं झाकण उघडून त्यांनी आतून मांजराच्या केसांचा एक पुंजका काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "सगळं सोडव, साफ कर, परत जोड. एकदा जोडलाच आहेस ना? मी माइक आवरतो, टेबल घे."

मग मी सगळं सोडवलं. ब्रशने केस काढले, जाळ्या धुतल्या. प्रोसेसरवर गार करणारा जो जाडजूड धातूचा ठोकळा असतो तोही उचलला, आणि त्याच्या तळाला मला एक पातळ, पारदर्शक कागद चिकटलेला दिसला. त्यावर बारीक अक्षरात छापलं होतं: बसवण्यापूर्वी काढावा. म्हणजे इतके दिवस प्रोसेसर बिचारा रेनकोट घालून राबत होता. "काय सापडलं?" भाऊजींनी विचारलं. मी म्हटलं, "एक भाग निकामी झाला होता." हे शब्दशः खरं आहे, आणि तू यात भर घालायची गरज नाही. अक्षर इतकं बारीक छापणाऱ्यांची जबाबदारी कोणी घ्यायची, हा वेगळा विषय आहे.

परत जोडून सुरू केला तेव्हा सासूबाई खुर्ची घेऊन बघायला बसल्या होत्या. त्यांनी पुढून हात धरला, मागून हात धरला आणि विचारलं, "दोन्हीकडून वारा आतच ओढतोय. मग गरम हवा जाणार कुठून?" मी त्यांना म्हटलं की मी आता तेच बघणार होते (बघणारच होते). मागचा पंखा उलटा करून बसवला. लहान, चिडके पंखे काढून त्यांच्या जागी मोठे, सावकाश फिरणारे लावले. मोठा पंखा संथ फिरूनही तेवढीच हवा ढकलतो आणि ओरडत नाही, हे लक्षात ठेव. स्क्रूंच्या खाली रबराच्या चकत्या दिल्या, डब्याखाली जाड रबरी चटईचा तुकडा घातला. डबा पुन्हा खोलीत, जमिनीपासून थोडा वर आणि भिंतीपासून वीतभर लांब.

रुग्णालय सकाळी पूर्ण झालं, छपरासकट. आर्किटेक्टबाईंना ते काम मिळालं. आणि डबा इतका गप्प झाला की भाऊजी दोनदा वाकून दिवा बघतात, चालू आहे ना म्हणून. ग्रंथालयाच्या बाईंनी मुद्दाम फोन करून सांगितलं, की असं स्वच्छ ध्वनिमुद्रण त्यांच्याकडे आजवर आलेलं नाही. तेव्हा तू बिनधास्त जोड. अडलास तर मला विचार, पाठ सांभाळून उचल, आणि मांजर पाळू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. सासूबाई परवा टेबलाखाली पाय घालून बसल्या होत्या. म्हणाल्या, पूर्वी इथे गुडघ्यांना छान गरम वारा लागायचा, डॉक्टरांच्या शेकाच्या दिव्यापेक्षा चांगला, तर संध्याकाळपुरता पहिल्यासारखा करता येईल का. मी गरम पाण्याची पिशवी आणून दिली. त्यांनी ती घेतली, पण मन भरलेलं नाही.

आणखी एक ता. क. हे मात्र तुझ्या एकट्यासाठी. जजसाहेबांचा फोन आला होता, भाऊजींनी स्पीकरवर घेतला. जजसाहेब म्हणाले, "आता फार स्पष्ट ऐकू येतं. तुमच्या खुर्चीचा आवाजसुद्धा. एकच शंका आहे. नायक डोंगर चढायला लागतो तिथे पानं उलटल्याचा आवाज तीनदा येतो, आणि मधे तुम्ही काहीच वाचत नाही. पुढच्याच वाक्याला तो डोंगरावर पोचलेला असतो. चढला कसा?"

भाऊजी म्हणाले, "निसर्गवर्णन होतं. आपल्याला कंटाळा येईल असं वाटलं."

"मला डोंगर दिसत नाही, म्हणून तर पुस्तक मागवलं," जजसाहेब म्हणाले. "आधीच्या प्रकरणांतही असे डोंगर आहेत का?"

छोट्या, आहेत. डोंगर आहेत, एक अख्खी नदी आहे आणि समुद्रावरचा सूर्यास्त तर सलग गाळलेला आहे. गिरणीच्या आवाजात पानं उलटलेली कोणाला ऐकू येत नव्हती. आता भाऊजींना ती सगळी प्रकरणं पहिल्यापासून वाचावी लागताहेत. काल त्यांनी नदी वाचली आणि मी माझं चित्र थांबवून ऐकत बसले. आवाज चांगलाच आहे त्यांचा. पण अजून बरंच उरलंय, आणि उरलेलं वाचताना तरी पानं उलटल्याचा आवाज झाकला जावा म्हणून ते माझे जुने लहान पंखे शोधताहेत. मी सांगून टाकलंय की ते मी तुला पाठवले. ते इथेच, माझ्या साड्यांच्या खाली आहेत. त्यांचा तुला फोन येईल, बहुधा हे पत्र पोचायच्या दिवशीच. तर पंखे पोचले, लावले आणि लगेच मोडले, एवढं ठामपणे सांग.