आधी काय लक्षात राहिलं ते

प्रिय धाकट्या,

मागच्या आठवड्यात तू आमच्या भाषणाच्या वर्गाला पाहुणा परीक्षक म्हणून येऊन गेलास, त्याची पुढची हकिगत कळवते. आमचे बेकरीवाले तुझ्यावर चांगलेच फुगून बसले होते. बिचारे आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उभं राहून बोलले, आणि तू काय सांगितलंस, तर ते वाक्यागणिक ‘म्हणजे’ म्हणतात आणि हात खिशात कोंबतात. सगळं खरंच होतं. कारखान्यात सुट्या भागांतले तडे शोधायचं तुझं काम, म्हणून नजर आधी तिकडेच जाते, असं मी त्यांना समजावलं. त्यावर ते म्हणाले, मी काय सुटा भाग आहे का?

आमच्याकडे पद्धत वेगळी आहे. भाषण संपलं की ऐकणाऱ्यानं आधी काय लक्षात राहिलं ते सांगायचं, मग एकच सुधारणा, पुढच्या वेळी जमेल अशी. नुसतं ‘छान झालं’ म्हणायला मात्र बंदी आहे, कारण त्यातून हाती काहीच लागत नाही. पाव नीट भाजलाय का, हे त्यांचे वडील बुडावर टिचकी मारून ऐकायचे, असं ते ओघात बोलून गेले होते. मी म्हटलं, माझ्या डोक्यात तेवढंच राहिलंय, पुढच्या वेळी तिथे जरा थांबा. काल ते थांबले. हवेत टिचकी मारली आणि सगळा वर्ग कान देऊन बसला. ‘म्हणजे’ होतेच, पण मोजायचं कोणाला सुचलं नाही.

तुला उपदेशाचे डोस पाजायची हौस नाही. केस पांढरे झाले तरी तू माझं ऐकत नाहीस, ते असो.

हे फोनवर सांगणार होते, पण आवाज साथ देत नाही. तो सर्दीनं बसलेला नाही. घशात गाठ आहे, पुढच्या आठवड्यात स्वरयंत्र काढणार आहेत. नंतर वेगळ्या पद्धतीनं बोलायला शिकता येतं म्हणे, फक्त सुरुवातीला आवाज चमत्कारिक निघतो. मला भीती वाटते. त्या शिकवणीला घरचं एक माणूस समोर बसायला लागतं, मी तुझं नाव दिलंय. माझा पहिला शब्द कसाही निघो, तुला काय कळलं ते आधी सांग. तडे मग दाखव, एकेक करून.

तुझीच,
ताई