‘उलटा पाट’चा शेवटचा भाग आणि चौथ्या किलोमीटरवरचे कुलूप

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता,
वेताळमाळ उपसा सिंचन उपविभाग,
सातारा.

मार्फत : अध्यक्ष, हिंगणमळा पाणीवापर संस्था, मौजे हिंगणमळा, जि. सांगली.

अर्जदार : ब्राह्मी जिनेश मगदूम, वय २९, शिक्षण एम.एस्सी. (भौतिकशास्त्र), व्यवसाय विज्ञानकादंबरी-लेखन व पॉडकास्ट, रा. हिंगणमळा.

विषय : पाटाच्या चौथ्या किलोमीटरवरील कालवा चौकीला लावलेले कुलूप २४ जानेवारीपूर्वी काढून मिळणेबाबत.

संदर्भ : १) चौकी वापरण्यास परवानगी देणारे आपले पत्र, दि. ४ जुलै २०२२.
२) आपल्या शाखा अभियंत्यांचा उतार-तपासणी अहवाल, दि. २९ डिसेंबर २०२५.
३) हिंगणमळा पाणीवापर संस्थेचा ठराव क्र. ९, दि. २ जानेवारी २०२६.

महोदय,

१. अर्जदाराची मागणी एका कुलपापुरती आहे. परंतु ते कुलूप सन २०८४ मध्ये घडणाऱ्या एका घटनेमुळे लागलेले असल्याने थोडा खुलासा करणे भाग आहे.

२. अर्जदार कादंबऱ्या लिहिते आणि त्या स्वतः वाचून पॉडकास्टवर, म्हणजे फोनवर हवे तेव्हा ऐकता येईल अशा कार्यक्रमातून, भागाभागाने प्रसारित करते. परवानगी देताना आपल्या कार्यालयाने ‘सदर पॉडकास्टचे वजन व आकारमान कळवावे’ असे विचारले होते. तेव्हा अर्जदाराने मायक्रोफोनचे वजन (४१० ग्रॅम) कळवले आणि परवानगी मिळाली, याबद्दल ती आजही ऋणी आहे.

३. अर्जदाराची पहिली कादंबरी कोयनानगरच्या भूकंपांवर होती. सांगलीत तिच्या तीनशे प्रती छापल्या. कोयनानगरच्या एका वाचकाने कळवले की धक्क्याचे वर्णन शास्त्रशुद्ध आहे, पण पात्रे विनाकारण फार पळतात. ‘आम्ही आधी गॅस बंद करतो, मग चप्पल शोधतो,’ असे त्याने लिहिले. अर्जदाराने दुसऱ्या आवृत्तीसाठी ही दुरुस्ती नोंदवून ठेवली आहे. दुसरी आवृत्ती अद्याप निघालेली नाही. दुसरी कादंबरी म्हसवडजवळच्या माळावर उतरलेल्या यानाबद्दल होती. मुखपृष्ठावर माळ असल्याने एका वाचनालयाने ती शेतीच्या कपाटात ठेवली आणि तिथे ती पहिलीपेक्षा बरीच जास्त वाचली गेली. अर्जदाराचे वडील हळदीचे व्यापारी आहेत. मुलगी काय करते असे कोणी विचारले की ते ‘लेखी काम करते’ असे सांगतात आणि पुढचा प्रश्न येण्याआधी चहा मागवतात.

४. चौकीच का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अर्जदाराच्या घराच्या एका बाजूला पिठाची गिरणी आणि दुसऱ्या बाजूला हळद पॉलिश करण्याचे पिंप आहे. दोन्ही चालू असताना घरातला आवाज ६८ डेसिबल भरतो. सुरुवातीचे सात भाग तिने साड्यांच्या कपाटात बसून ध्वनिमुद्रित केले. सातव्या भागात आई राजमती यांचे “कपाटात बसून कुणाशी बोलतीस गं?” हे वाक्य तसेच प्रसारित झाले आणि ते पात्र पुन्हा कधी येणार, अशी विचारणा अजूनही होते. पाटाचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांसाठी बांधलेली, पण बारा वर्षे रिकामी पडलेली आपली चौकी दोन फूट जाडीच्या दगडी भिंतींची आहे. पाट कोरडा असताना तिथे २६ डेसिबल आवाज असतो. पाटाला पाणी आले की शेजारच्या धबक्यामुळे, म्हणजे पाणी एकदम खाली कोसळते त्या जागेमुळे, तो ५७ वर जातो व काम थांबते. रब्बीचे पाणी २४ जानेवारीला सुटणार आहे.

५. आता मूळ मुद्दा. तिसऱ्या कादंबरीचे नाव ‘उलटा पाट’. तिच्यात सन २०८४ मधील एका भूकंपाने जमीन अशी उचलली जाते की आपल्या सहा किलोमीटरच्या पाटाचा उतार फिरतो. पाट जिथे सुरू होतो ते हेड आणि संपतो ते टेल. कादंबरीत पाणी टेलकडून हेडकडे वाहू लागते आणि आजवर शेवटी पाणी घेणाऱ्यांना ते पहिल्यांदा मिळते. तपशील खरा वाटावा म्हणून अर्जदाराने संस्थेचे चालू पाळीपत्रक, म्हणजे कोणाला कोणत्या क्रमाने पाणी मिळणार याची यादी, समोर ठेवले, त्याचा क्रम उलटा केला आणि प्रत्येक नावाच्या जागी त्या घरातील आज लहान असलेला किंवा जन्मायचा असलेला वारस घातला. जन्मायच्या असलेल्या वारसांची नावेही तिनेच ठेवली. ही चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे.

६. दूध संकलन केंद्राचे सचिव सिद्धू हे अर्जदाराचे नियमित श्रोते असून दर शुक्रवारी सकाळी दूध मोजताना नवा भाग केंद्राच्या कर्ण्यावर लावतात. याच कर्ण्यावर दर हंगामात संस्थेचे खरे पाळीपत्रकही वाचले जाते. त्याची रीत जुनी आहे व हरकतींची वही सिद्धूच ठेवतात. कर्ण्यावर वाचलेल्या पत्रकावर सात दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते कायम समजले जाते. दि. १२ डिसेंबर रोजी भाग ३८ लागला. त्यात सन २०८४ चे पाळीपत्रक अर्जदाराच्या आवाजात, खऱ्या पत्रकाच्या संथ सुरात, सतरा नावांसह वाचले गेले. सात दिवस कोणी काही बोलले नाही. आठव्या दिवशी टेलकडच्या श्रीमती मनुबाई यांनी केंद्रावर येऊन सिद्धूंना विचारले, “मग आता ते कायम झालं न्हवं?” सिद्धू हे नियमाने चालणारे गृहस्थ आहेत. त्यांनी वही तपासून “व्हय” असे सांगितले.

७. संस्थेचे अध्यक्ष श्री. लालासाहेब हे सैन्यातून निवृत्त सुभेदार असून त्यांचे शेत हेडला, पाणी सोडण्याच्या अगदी पहिल्या दारावर आहे. ते त्या आठवड्यात पुतणी पूजा हिच्या लग्नाच्या बोलणीसाठी रहिमतपूरला होते. परत येताच त्यांनी हरकत लिहून दिली. सिद्धूंनी ती मुदतबाह्य म्हणून परत केली. अध्यक्षांनी आवाज चढवला तेव्हा सिद्धू म्हणाले, “मुदत म्हंजे मुदत, आबा. तुमीच शिकवलंय.” त्यानंतर अध्यक्ष थेट अर्जदाराच्या घरी आले. झालेले संभाषण अर्जदाराने त्याच दिवशी टिपून ठेवले असून त्याचा आवश्यक भाग असा :

“आगं ब्राह्मी, माजा नातू साईराज आजून अंगणवाडीत जातोय. त्यानं तुजं काय वाकडं केलं, म्हनून त्याला म्हातारपनी टेलला टाकलंस?”

अर्जदाराने नम्रपणे सांगितले की साईराजला कोणी टाकलेले नाही. जमीन उचलली गेली.

“जमीन कुनी उचलली? तूच की.”



८. यानंतरचा घटनाक्रम थोडक्यात देत आहे. हेडकडच्या नऊ खातेदारांनी आपापल्या नातवंडांच्या वतीने हरकती दिल्या. त्यांतील चार नातवंडे अजून जन्मलेली नाहीत व एका खातेदाराचे लग्न व्हायचे आहे. अर्जदाराने समेटासाठी भाग ४० मध्ये साईराजला पाटावरचा एक पूल बांधायला दिला. परिणामी दुसऱ्या दिवशी आणखी पाच जण पूल मागायला आले. रहिमतपूरच्या पाहुण्यांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी शेत हेडला की टेलला, असे विचारले. आज हेडला आणि चौऱ्याऐंशी साली टेलला, असे प्रामाणिक उत्तर मिळाल्यावर त्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला. पूजा अर्जदाराला वाटेत गाठून म्हणाली, “ताई, ते स्थळ मला नकोच हुतं. तुमी ते पत्रक काय बदलू नका.”

९. दि. २९ डिसेंबर रोजी हेडकडच्या खातेदारांच्या तोंडी मागणीवरून आपले शाखा अभियंता लेव्हल मशीन घेऊन आले आणि त्यांनी पाटाचा उतार दिवसभर मोजला. अहवालात त्यांनी ‘उतार १:५०००, सद्यःस्थितीत पूर्ववत’ असे लिहिले आहे. मोजणी अचूक आहे. या उताराने सहा किलोमीटरला एक मीटर वीस सेंटिमीटर फरक पडतो व कादंबरीतही हाच आकडा आहे. तथापि ‘सद्यःस्थितीत’ या शब्दाने गावात निराळाच अर्थ घेतला गेला. त्या संध्याकाळी टेलकडच्या लोकांनी केंद्रावर पेढे वाटले. विभागाने स्वतः येऊन मोजले त्या अर्थी काहीतरी असणारच, असे आता दोन्ही बाजूंचे मत आहे. गेल्या कित्येक वर्षांत दोन्ही बाजूंचे एकमत झाल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे.

१०. दि. २ जानेवारी रोजी संस्थेने ठराव क्र. ९ करून चौकीला कुलूप लावले. ठरावात म्हटले आहे की ‘लेखिकेने शेवटच्या भागात पाटाचा उतार पूर्वीप्रमाणे सरळ करून द्यावा, तोपर्यंत चौकी बंद राहील.’ आजवर ४३ भाग तयार असून फक्त शेवटचा, ४४ वा, ध्वनिमुद्रित व्हायचा आहे. पुण्याच्या एका प्रकाशनाने ‘उलटा पाट’ पुस्तक व श्राव्य अशा दोन्ही रूपांत काढण्याचे मान्य केले आहे. त्यासाठी सर्व भाग ३१ जानेवारीपर्यंत हवेत. सहा वर्षांच्या लेखनात अर्जदाराला मिळालेला हा पहिला करार आहे. २४ तारखेला पाटाला पाणी आले की तो हातचा जाईल.

११. अर्जदाराने उतार सरळ करण्याचा प्रयत्न केलाच नाही, असे नाही. तिने दोन दिवस बसून दुसरा भूकंप लिहिला. पहिल्याने उचललेली जमीन दुसऱ्याने बरोबर तेवढीच, तीही सेंटिमीटरपर्यंत, खाली बसवावी, याला भूशास्त्रात आधार सापडला नाही. ती पाने वाचून दाखवण्याआधीच मनुबाईंना त्याची कुणकुण लागली. त्या चौकीच्या पायरीवर येऊन बसल्या. त्यांचे शब्द :

“चाळीस वरीस झालं, यादी वाचत्यात तवा माजं नाव येस्तवर किटली रिकामी करून मी घरी गेल्याली असते. ह्या येळंला पयलं नाव माज्या नातीचं आलं. ते खोटं हाय हे मला बी कळतंय. पर वाचल्यालं तर हाय. आता ते तू खाली घेतलंस तर बग.”

अर्जदाराने ती पाने फाडली. मनुबाईंचे शेत टेलला आहे आणि मार्चनंतर तिथे पाणी पोहोचत नाही, ही गोष्ट कादंबरीतली नसून आपल्या कार्यालयाच्या दरवर्षीच्या नोंदींतली आहे. अर्जदाराने ‘उलटा पाट’ लिहायला घेतला तो या नोंदी वाचून, हे इथे सांगून टाकलेले बरे.

१२. या परिस्थितीत महोदयांपुढे दोनच पर्याय दिसतात. सन २०८४ चे पाळीपत्रक काल्पनिक असेल, तर त्याने कोणाचेही नुकसान झालेले नाही, ठराव क्र. ९ ला आधार उरत नाही आणि कुलूप काढावे लागते. ते पत्रक खरे व कायम असेल, तर अर्जदार ही संस्थेचे पत्रक वाचून दाखवणारी व्यक्ती ठरते, तिला त्या कामासाठी जागा देणे संस्थेवर बंधनकारक होते आणि कुलूप काढावे लागते. तिसरा पर्याय अर्जदाराने बराच शोधला. सापडल्यास महोदयांनी कळवावा. तिला कुतूहल आहे.

१३. एक गोष्ट सांगावी की नाही याचा अर्जदाराने बराच विचार केला. चावी अध्यक्षांच्या खिशात असते. परवा त्यांनी अर्जदाराला केंद्रामागे बोलावून घेतले व म्हणाले, “साह्यबाची एक वळ लिवून आन. मी आपून हून कुलूप काडलं, तर हेडची मान्सं म्हनत्याल, सुभेदारानं नातू इकला. साह्यबानं सांगितलं म्हनून काडलं, आसं हुं दे.” मग त्यांनी विचारले, त्या पुलाचे पुढे काय होते. अर्जदाराने सांगितले की ते शेवटच्या भागात आहे. त्यावर त्यांनी खिशातली चावी दोनदा चाचपली.

१४. तरी महोदयांची फक्त एक ओळ हवी आहे. तिचा मसुदा सोबत जोडला असून कार्यालयास केवळ सही करावयाची आहे. हा अर्ज नियमाप्रमाणे संस्थेच्या अध्यक्षांमार्फत सादर होत आहे, म्हणजे ज्यांनी कुलूप लावले त्यांच्याच हातून आपल्याकडे येत आहे. तो पोहोचला, यातच अर्जदाराला निम्मी आशा दिसते.

उत्तराची वाट चौकीच्या पायरीवर बसून पाहणारी,

(सही)
ब्राह्मी जिनेश मगदूम

सोबत :
१. परवानगी पत्राची प्रत.
२. ठराव क्र. ९ ची प्रत.
३. हरकती, एकूण नऊ. पैकी न जन्मलेल्या नातवंडांच्या वतीने चार.
४. पूल मिळावा म्हणून आलेल्या मागण्या, एकूण पाच.
५. चौकीतील आवाजाच्या नोंदींचा तक्ता, पाटाला पाणी असताना व नसताना.
६. महोदयांच्या सहीसाठी मसुदा : ‘चौकीचे कुलूप काढावे.’

अध्यक्षांचा शेरा :
अर्ज वाचला. मजकूर खरा आहे. परिच्छेद १३ लिहायला नको होता. सन २०८४ च्या पत्रकावर माझी हरकत कायम आहे. कुलूप काढण्यास हरकत नाही. साहेबांनी २४ तारखेच्या आत सही करावी. पुलाचे पुढे काय झाले, असे साईराज रोज विचारतो.
(सही)
लालासाहेब, सुभेदार (निवृत्त)