डाव्या हाताचं दार

प्रिय ताई,

'बिजागरी' हा शब्द शब्दकोशात बघून लिहितो आहे. दुकानाच्या पाटीवर 'बिजागिरी' असं आहे. दुकानदाराला तसं म्हणालो तर तो म्हणे, "दार लागल्याशी मतलब, तुम्ही काय मास्तर का?" आठवीतून शाळा सोडणाऱ्याने कुणाला काय शिकवायचं? पण शाळा सुटली तेव्हा हा शब्दकोश तूच माझ्या हातात दिला होतास, निदान लिहिण्यात तरी कुणी मला नावं ठेवायला नकोत म्हणून. तेव्हापासून साधी चिठ्ठी लिहायची तरी मी तो उघडतो.

ओट्याखालच्या कपाटाचं एक दार आईच्या हातात निखळून आलं, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. तू म्हणालीस, एक गेली की बाकीच्या रांगेतच असतात, सगळ्याच बदलून टाक. म्हणून कामावरून दहा दिवसांची रजा घेतली आणि बाबांची अवजारांची पिशवी माळ्यावरून काढली. दारं सहा, बिजागऱ्या बारा. बाबा कारखान्यात फिटर होते, लोखंडात त्यांना केसाएवढा फरक चालायचा नाही. हे कपाट त्यांनीच केलेलं, पण लाकडात मात्र सगळं अंदाजपंचे. सहातली दोन दारं सारखी असतील तर शपथ. शिवाय जुनी भोकं इतकी सैल झालीत की स्क्रू नुसता गरगर फिरतो. त्यावर उपाय म्हणजे काडेपेटीच्या काड्या गोंदात बुडवून भोकात ठोकायच्या आणि दिवसभर वाळू द्यायच्या. म्हणून एका दिवसाला एकच दार होतं. मी प्रत्येक माप तीनदा घेतो, तुला माहीतच आहे.

चौथ्या दाराला माझी चूक झाली. बाकीची पाच दारं एका बाजूला उघडतात आणि हे एकच उलटं. मला वाटलं, बाबांचाच घोळ. नवीन बिजागऱ्या दुसऱ्या अंगाला लावल्या, मूठ समोरच्या कडेला नेली, सगळी दारं एका ओळीत आली. इतकं बरं वाटलं की लांब उभं राहून दोनदा बघितलं. तेवढ्यात आई आली. चौथ्या दाराजवळ थांबली, बिजागरीच्याच बाजूने ओढायला लागली. दार हलेना. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो मिस्त्री, हे काय केलंत? हे डाव्या हाताचं दार आहे. आमची मुलगी डावखुरी, तिच्यासाठी ह्यांनी मुद्दाम तसं केलं होतं."

ताई, मला आधी वाटलं ती माझी फिरकी घेते आहे. लहानपणी आपण काही सांडलं की ती नाही का म्हणायची, "या महाराज, अजून काही राहिलंय का?" मी हसलोसुद्धा. ती हसली नाही. पदर नीट केला आणि विचारलं, "चहा घेणार का? साखर किती घालू?"

माझ्या चहात साखर किती, हे आईने मला विचारलं.

तुला फोनवर मी 'आई हल्ली विसरते' एवढंच सांगत आलो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. तुझा आवाज आला की ती अगदी पहिल्यासारखी होते, तुझा खोकला बरा झाला का ते विचारते, म्हणून तुला वाटतं की मी उगाच घाबरतो. घाबरट तर मी आहेच. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगून बघितलं, अगं आई, मी मिस्त्री नाही, मी तुझा मुलगा. ती भिंतीला टेकली आणि पोळपाटावरचं लाटणं हातात घेतलं. म्हणाली, "असं बोलू नका हं. माझा मुलगा येईलच आता." डॉक्टरांनी सांगितलं, वाद घालू नका, तिच्या कलाने घ्या. म्हणून मी मिस्त्री झालो. संध्याकाळी विचारते, "घरी कुणी वाट बघत नाही का तुमची?" मी म्हणतो, काम उरलंय. मग बिचारी मला पुढच्या खोलीत चटई टाकून देते, माझीच उशी देते आणि सांगते, "मुलाची आहे, तेल लावू नका."

मी माप घेत होतो तेव्हा ती शेजारी स्टुलावर बसून बघत होती. तिसऱ्यांदा पट्टी लावली तशी हसली. म्हणाली, "आमच्याकडेपण एक असाच आहे. मोजपट्टी म्हणतो आम्ही त्याला. स्वभावाने भित्रा, पण कामाला चोख. आला की तुमचं काम दाखवते त्याला." मग उठून खिडकीत गेली आणि खूप वेळ रस्त्याकडे बघत उभी राहिली. मी पाठीमागे पट्टी धरून उभा.

आता शेवटचं दार भिंतीला टेकून उभं आहे. काल मी ते लावलं होतं. आईने उघडमीट करून बघितलं आणि म्हणाली, "झालं का एकदाचं? आता या तुम्ही. परक्या माणसासमोर किती दिवस अवघडून राहायचं?" मी म्हटलं, जरा घासतंय खाली. ती नुसती मान हलवून आत गेली, आणि मी स्क्रू पुन्हा काढले. आज पुन्हा लावले, पुन्हा काढले. काड्यांची पकड सुटत चालली आहे. रजेचे दोन दिवस उरलेत. हे दार लागलं की या घरात थांबायला माझ्याकडे काही कारण उरणार नाही.

म्हणून लिहितो आहे. फोन स्वयंपाकघरात, आई तिथेच असते, हे तिच्यासमोर कसं बोलू? तू ये. जमेल तेवढ्या लवकर ये. तुला ती ओळखते. चौथं दार मी पुन्हा तुझ्या हाताला येईल असं लावलं आहे. फक्त एवढं कर, दारात आलीस की आईला भेटायच्या आधी मला हाक मार. नेहमीची हाक, मोठ्याने, तिला ऐकू जाईल अशी. माझं ती ऐकत नाही, पण तू मोजपट्टी म्हणालीस तर कदाचित तिला पटेल की तो आला.

तुझी वाट बघत थांबलेला,
तुझाच,
मोजपट्टी