भिंतीला टेकलेला फ्रिज

८ एप्रिल
टेंभुर्णीत दाखल! दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी, आणि राहायला चक्क फ्रिजवाली खोली. या उन्हात याहून मोठा थाट तो कोणता? आधी दोन घरांनी माझं आडनाव विचारलं, आणि ते ऐकल्यावर खोली कालच भरल्याचं दोन्ही घरांना आठवलं. तिसऱ्या घरच्या दैवशालामावशींनी आडनाव विचारलंच नाही. फक्त नाव विचारलं. गल्लीत भांड्यांवर नावं घालणारा बसला होता, त्याच्याकडून ‘प्रीती’ असं कोरलेला स्टीलचा डबा आणून हातात ठेवला. ह्यात रोज काहीबाही करून ठेवीन, फ्रिजातून घेऊन खात जा, लाजायचं बिलकुल न्हाई, म्हणाल्या. मला माझी आई आठवत नाही. डबा धरून जरा रडले, लिहायला काय हरकत.
भिंतीपलीकडच्या खोलीत त्यांचा मुलगा कल्याण असतो. अंथरुणाला खिळलाय. एवढ्या उकाड्यात दोन गोधड्या घेऊन कुडकुडतो, आणि कुठल्याच डॉक्टरला काही कळत नाही.

१२ एप्रिल
फ्रिजनं रंग दाखवला. खाली पाणी, वर बर्फाचा डोंगर. बाबांचं जालन्यात फ्रिज दुरुस्तीचं दुकान, मी पाना-पेचकसाशी खेळतच वाढले, तेव्हा लगेच फोन लावला. त्यांनी सांगितलं तसं पाणी जायचं भोक कोमट पाण्यानं मोकळं केलं, दाराचं रबर साबणानं पुसलं, दारात दहाची नोट धरून ओढून पाहिली. घट्ट बसते, म्हणजे रबर ठीक. मग म्हणाले, भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. फ्रिज थंडी तयार करत नाही, आतली ऊब काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तिला जायला जागा पाहिजे. हे त्यांचं आवडतं व्याख्यान, मला पाठ आहे. पण मावशींनी फ्रिज हलवू दिला नाही. फरशी फुटंल म्हणे. असो, घर त्यांचं.

१४ एप्रिल
जयंतीला घरी जाता आलं नाही. मावशींनी आपणहून खीर केली आणि माझ्या डब्यात ठेवली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, मावशींना माझा नमस्कार सांग. कल्याणदादा आज उठून बसलेत म्हणे. घरात आनंदीआनंद.

१९ एप्रिल
बाहेर ऊन मी म्हणतंय आणि मी स्वेटर घालून बसलेय. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या साळूबाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. माझं रक्त मीच तपासलं. सगळं ठीक. मावशी डब्यात डिंकाचे लाडू भरतात, वैशाखाच्या तोंडावर! अंगात ऊब पाहिजे पोरी, म्हणतात. माझ्यासाठी एवढं कुणी कधी केलं नव्हतं.
कल्याणदादांनी एक गोधडी काढून टाकली.

२४ एप्रिल
बर्फ वितळावा म्हणून फ्रिज बंद केला, वायर काढली, दार उघडं टाकून कामावर गेले. आले तर बर्फ वाढलेला. बाबा म्हणाले, असं होतच नसतं, वायर राहिली असेल. नव्हती राहिली. मागे हात घातला. भिंत तव्यासारखी गरम. पलीकडे नेमकी कल्याणची खाट आहे.

२६ एप्रिल
उकळतं पाणी ओतून बर्फ फोडला. आत डबे. माझ्यासारखेच. बेबीनंदा. सत्यशीला. झुंबर. सगळे रिकामे.
मावशींनी वर न बघता सांगितलं, भाडेकरू पोरी होत्या, गेल्या. साळूबाईंनी सांगितलं कुठे गेल्या ते. सत्यशीला आमच्याच दवाखान्यात कामाला होती. दैवशालाबाईनं तिला लई जपलं, पण भर उन्हाळ्यात थंडी वाजून वाजून मेली.
म्हणून आडनाव नको होतं. हवी होती ती माझी ऊब, आणि उबेला कुठं जात असते?

२७ एप्रिल
फ्रिज हलत नाही. डबा ओढ्यात फेकून आले. आत्ता फ्रिजचं दार उघडलं — डबा जागेवर. लाडवांनी भरलेला.

२९ एप्रिल
बस गाठायची होती. वाटेत पाय गेले. लोकांनी उचलून मावशींकडेच आणलं — दुसरीकडे कुठे आणणार. बाबांचा फोन त्यांनीच घेतला. पोर मजेत हाय, आत्ताच जेवली, म्हणाल्या. मी ओरडत होते. आवाजच —

३० एप्रिल
कल्याण अंगणात. उघड्या अंगानं. घाम पुसतोय.
मावशी उशाशी. रडतात, खरंच रडतात. माझं एकुलतं एक लेकरू हाय, माफ कर, म्हणाल्या. हात गरम त्यांचा. मी सोडवला नाही — इतकी थंडी —
माफ नाही. लिहून ठेवते. माफ नाही.

१ मे
गल्लीत नावं घालणारा आलाय. मशीन घरघरतंय. नवी कुणीतरी दारात. मावशी विचारतायत, नाव काय गं पोरी. नुसतं नाव.
पोरी, पळ. ज्या घरानं आडनाव विचारलं नाही त्या घरी —